मुंबईची जुनी नाइटलाइफ कशी होती? त्यातली कुठली ठिकाणं आज बघायला मिळतात?

प्रश्न वाचला आणि पुढे सरकणार होतो. मग खाली कंसात तुम्ही जे लिहिलंय ते वाचलं: "(चर्चगेट-कुलाबा सोडून. मराठी वस्त्यांमध्ये तसं काही नव्हतंच ना?)" हे उत्तर त्या कंसासाठी आहे.

आधी तुमचं काम उरकतो. चर्चगेट स्ट्रीट, म्हणजे आताचा वीर नरिमन रोड. तिथलं गेलॉर्ड रेस्टॉरंट १९५६ पासूनचं, अजून चालू आहे, जाऊन बसा. अ‍ॅस्टोरिया हॉटेलातलं व्हेनिस गेलं. ख्रिस पेरींचा बँड आणि लॉर्नाचं गाणं ऐकायला तिथे झुंबड उडायची. ताजच्या शेजारी ग्रीन्स हॉटेल होतं, ते पाडलं आणि त्या जागी ताजचा मनोरा उभा राहिला. तिथून हाकेच्या अंतरावर स्लिप डिस्क नावाचा डिस्को. लेड झेपलिन या इंग्लिश रॉक बँडचे जिमी पेज आणि रॉबर्ट प्लांट १९७२ मध्ये तिथे येऊन चक्क वाजवून गेले. गिरगावात मॅजेस्टिक सिनेमा होता. १४ मार्च १९३१ ला 'आलम आरा' तिथेच लागला, हिंदी पडदा पहिल्यांदा बोलला तो तिथे. आता त्या जागी मॅजेस्टिक शॉपिंग सेंटर आहे, नाव तेवढं उरलंय. हे सगळं तुम्हाला कुठेही वाचायला मिळेल, फोटोंसकट.

आता कंस.

मी लालबागचा. चाळीतली दहा बाय बाराची खोली, बाबा कापडगिरणीत साच्यावर, म्हणजे मागावर, आई खानावळ चालवायची. खानावळ म्हणजे पाटी लावलेली नव्हे, गिरणगावातली खानावळ: त्याच खोलीत चौदा मेंबर जेवायचे. सगळे साताऱ्याकडचे, गावाच्या गाळ्यात, म्हणजे एका गावच्या माणसांनी मिळून घेतलेल्या खोलीत राहणारे. गाळ्यात माणसं पाळीपाळीनं झोपायची. रातपाळीवाला सकाळी येऊन ज्या वळकटीवर पडायचा, तिच्यावरून पहिल्या पाळीवाला नुकताच उठून गेलेला असायचा. पहिली पाळी सकाळी सातची, दुसरी साडेतीनला लागून रात्री बाराला सुटायची, आणि बाराला तिसरी लागायची.

म्हणजे रात्री बाराला लालबाग-परळमध्ये काय होत असेल याचा जरा विचार करा. भोंगा झाला की एका दारातून हजारो माणसं बाहेर, दुसऱ्या दारातून हजारो आत. केसांत कापसाची पिंज, अंगाला तेलाचा वास, आणि पोटात आग. रस्त्यावर पानाच्या गाद्या उघड्या, भुर्जीच्या गाड्यांवर तवे वाजतायत, कुठल्या तरी चाळीच्या गॅलरीत भजनी मंडळ 'जय जय रामकृष्ण हरी' करतंय. दारूबंदीच्या काळात कुलाब्याच्या साहेबाकडे परमिट होतं, आमच्याकडे हातभट्टी होती. बंदी दोघांनीही सारखीच पाळली. आमच्या खोलीत त्या वेळी स्टोव्ह फरफरत असायचा आणि आई भाकऱ्या थापत असायची. बारा ते एक हा आमच्याकडचा गर्दीचा तास. मी शाळेतला पोरगा, माळ्यावर झोपायचो. बोंबलाच्या कालवणाचा वास वर चढला की मला कळायचं, दुसरी पाळी सुटली.

जेवण झालं की बाबा म्हणायचे, "जरा पाय मोकळे करून येतो." आई काही बोलायची नाही, तवा जरा जोरात आपटायची.

लालबागला हनुमान थिएटर होतं. मधुकर नेराळे ते चालवायचे. पश्चिम महाराष्ट्रातले तमाशाचे फड मुंबईत आले की असल्या थिएटरांत उतरायचे. गण, गवळण, बतावणी, मग वग. जो माणूस वर्षाचे अकरा महिने गावापासून तोडलेला, त्याच्यासाठी ते गावच्या जत्रेचं मुंबईतलं बिऱ्हाड होतं. परळला दामोदर हॉल, १९२२ चा, सोशल सर्व्हिस लीगचा. तिथे गिरणीतल्या हौशी मंडळ्यांची नाटकं, आणि कोकणवाल्यांचं नमन, शक्ती-तुरा. दिवसभर साच्यावर उभा असलेला माणूस रात्री तिथे राजा व्हायचा. भारतमाताला मराठी सिनेमा. याला नाइटलाइफ म्हणायचं नसेल तर मला त्या शब्दाचा अर्थच समजलेला नाही.

मी तमाशा पहिल्यांदा आत जाऊन बघितला तो १९८१ मध्ये, तेरा वर्षांचा असताना, आणि तोही आईनं पाठवलं म्हणून.

आमच्या मेंबरांपैकी एक होता, त्याला सगळे 'तात्या' म्हणायचे. वय असेल पस्तिशीचं. त्याच्या नावानं तार आली. तार गाळ्यावर आली होती, तिथून कुणीतरी आमच्याकडे आणून दिली. आईला वाचता येत नव्हतं. मला माळ्यावरून उतरवलं. मी वाचली: मदर सिरीयस, कम सून. तात्या आणि बाबा जेवून 'पाय मोकळे करायला' गेलेले. आईनं मला सदरा चढवला आणि म्हणाली, "कुठे असतील ते तुला माहीत आहे. जा." मला माहीत आहे हे तिला माहीत होतं, हे मला त्या दिवशी कळलं.

रात्रीचा दीड वाजला असेल. मी एकटा चाललो होतो आणि मला भीती वाटली नाही, कारण रस्त्यावर माणसंच माणसं. दारावरच्या माणसाला मी तार दाखवली. त्यानं ती उलटीच धरली, बघितल्यासारखं केलं आणि मला आत सोडलं.

आत बिडीचा धूर असा की डोळे चुरचुरले. लावणी संपून मध्ये थोडा खंड पडला होता. आणि रंगमंचाच्या कडेला एक माणूस उकिडवा बसून रद्दी पेटवत होता. मला वाटलं, आग लावतोय. तो हलगी, म्हणजे डफासारखं चामड्याचं वाद्य, शेकत होता. कागदाचा बोळा पेटवायचा, हलगी त्यावर धरून फिरवायची, मग कानाजवळ नेऊन बोटानं टिचकी मारायची. आवाज बसका आला की पुन्हा जाळावर. तीनदा केलं त्यानं तसं. चौथ्यांदा टिचकी मारली तर असा कडक आवाज आला की मागच्या बाकावरनं शिट्टी पडली. मग तो उठला, ढोलकीवाल्याकडे बघून भुवई उडवली, आणि दोघांची जी जुंपली! ढोलकी बोलणार, हलगी उत्तर देणार. मी तार हातात धरून तिथेच उभा. कशासाठी आलोय ते विसरलो. खोटं कशाला सांगू, चांगली पाच-सात मिनिटं विसरलो.

बाबा दिसले ते दुसऱ्या रांगेत. मला बघून त्यांचा चेहरा असा झाला की जन्मात विसरणार नाही, मुद्देमालासह पकडल्यासारखा. शेजारी तात्या. त्याच्या हातात एक रुपयाची नोट, लांबट घडी घालून दोन बोटांत धरलेली. दौलतजादा करायची होती, म्हणजे नाचणाऱ्या बाईला बक्षिसी द्यायची होती, पुढच्या लावणीला. मी तार बाबांना दिली, बाबांनी वाचली आणि त्याच्या कानात सांगितली. तात्या उठला. हातातल्या नोटेचं काय करावं ते त्याला कळेना. क्षणभर तसाच उभा राहिला, मग ती माझ्या खिशात कोंबली.

बाहेर आलो. गाळ्यावर जाऊन लोकांना उठवलं. रात्री दोनला पन्नास-पन्नास पैसे, रुपया-दोन रुपये गोळा झाले. पहाटेच्या एसटीनं तात्या गेला. घरी परतताना बाबा एवढंच म्हणाले, "दुसऱ्या रांगेत होतो ते आईला सांगू नको. मागं उभा होतो म्हण." मागचं तिकीट स्वस्त होतं.

तात्या दिवस घालून परत आला, दोनेक महिने राबला, आणि १८ जानेवारी १९८२ ला गिरण्यांचा संप लागला. अडीच लाख माणूस बाहेर. गाळे रिकामे व्हायला लागले, माणसं "चार दिवस गावाकडे जाऊन येतो" म्हणून निघाली. तात्याही गेला. त्याचा खानावळीचा हिशेब आईच्या वहीत तसाच आहे. आईचे चौदा मेंबर होते, त्याचे सहा झाले, मग दोन. संप रीतसर मागे घेतलाच गेला नाही, नुसता विरत गेला. तमाशाच्या थिएटरांचा प्रेक्षक म्हणजे हाच माणूस. तोच गावी गेल्यावर थिएटर कुणासाठी चालवायचं?

आता माझ्या आतेभावाचं सांगतो, कारण तुमच्या कंसातलं वाक्य मूळ त्याचं आहे. तो १९८३ च्या जूनमध्ये कॉलेजसाठी रत्नागिरीहून आमच्याकडे राहायला आला. तीन वर्षं आमच्या खोलीबाहेर गॅलरीत झोपला. आता पार्ल्यात असतो. जुन्या बॉम्बेचे काळे-पांढरे फोटो, जॅझ बँड, कोटातली माणसं, हे सगळं गोळा करायचा त्याला नाद आहे. वाईट नाही, चांगला नाद आहे. पण पुतणीच्या लग्नात पंगतीला बसल्यावर चारचौघांत म्हणाला, "आपल्या मराठी लोकांना कसली आलीये नाइटलाइफ? मामाच बघा ना, नऊ वाजले की घोरायला लागायचे." सगळे हसले. बाबा समोरच होते, ऐंशीच्या घरातले. तेही हसले. मी हसलो नाही, आणि बोललोही नाही, त्याचं मला अजून लागून राहिलंय.

अरे बाबा, तू आलास कधी? १९८३ मध्ये. तेव्हा बाबा दादरच्या मंडईतून भाजी आणून लालबागच्या नाक्यावर विकत होते. पहाटे साडेतीनला उठणारा माणूस नऊला नाही झोपणार तर काय करणार? तू जो शांत झोपलेला लालबाग बघितलास तो बेकार लालबाग होता. त्याच्या दोन वर्षं आधी आला असतास तर गॅलरीत डोळ्याला डोळा लागला नसता तुझा.

आणि जॅझचंच म्हणशील तर ते वाजवणारे तरी कोण होते? चिक चॉकलेट म्हणून ज्याचे फोटो तू लावतोस, त्याचं नाव अंतोनियो झेवियर वाझ, गोव्याचा. चर्चगेटला सूट घालून ट्रंपेट वाजवायचं, आणि त्यातल्या कित्येकांनी रात्री पाठ टेकायची ती धोबी तलावच्या कुडात. कूड म्हणजे गोव्याच्या एकेका गावानं आपल्या माणसांसाठी मुंबईत घेतलेली जागा, भिंतीला लागून प्रत्येकाची पेटी. आमच्या गाळ्याहून वेगळं काय होतं त्यात? तोच चिक चॉकलेट पुढे सी. रामचंद्रांचा सहायक झाला, म्हणजे पुणतांब्याच्या रामचंद्र चितळकरांचा. तेव्हा 'ती' नाइटलाइफ आणि 'ही' अशी भिंत घालू नका. भिंत प्रेक्षकांत होती. वाजवणारे दोन्हीकडे गाव सोडून आलेलेच होते.

बघण्यासारखं काय उरलंय? भारतमाता आहे. दामोदर २०२३ मध्ये पुनर्विकासासाठी बंद झालं. गिरण्यांच्या जमिनींसाठी १९९१ मध्ये नियम केला: एक तृतीयांश शहराला मोकळी जागा, एक तृतीयांश घरांसाठी म्हाडाला, उरलेली मालकाला. २००१ मध्ये तो बदलून वाटणी फक्त आधीपासून मोकळ्या असलेल्या जमिनीची करायची असं ठरलं. गिरणी म्हणजे नुसत्या शेडच शेड, मोकळी जमीन असते किती? म्हणून लोअर परळला आज तुम्हाला मैदानं दिसत नाहीत, मॉल दिसतात. आणि पब. माझा भाचा शनिवारी रात्री बाराला तिथल्याच एका गिरणीच्या आवारातून बाहेर पडतो. फोटो पाठवतो. मागे चिमणी दिसते.

तुम्हाला खरंच फिरायचं असेल तर चर्चगेट संध्याकाळी करा आणि लालबागला रात्री बाराला या, चिवडा गल्लीच्या तोंडाशी उभे राहा. दिसणार काही नाही, पुलावरून गाड्या जातात फक्त. पण या.

एक सांगायचं राहिलं, नाहीतर कुणीतरी प्रतिक्रियेत सुनावेलच. हे सगळं फार गोड होतं असं नाही. थिएटरात प्रेक्षक म्हणून बाई जवळजवळ नव्हतीच. नाचणाऱ्या बायकांना उत्तररात्री घुंगरू सोडल्यावर काय वाट्याला यायचं ते आम्ही कुणी विचारलं नाही. दौलतजादातला रुपया बऱ्याचदा गावी जायच्या मनीऑर्डरीतला असायचा. आणि बाबांची दुसरी रांग कुणाच्या भाकऱ्यांवर चालायची ते तुम्हाला दिसलंच असेल. मागच्या दिवाळीत हेच सगळं घरी रंगवून सांगत होतो, हलगी, धूर, शिट्ट्या. आई ऐकत होती. सून म्हणाली, "आई, तुम्ही कधी गेला होता का हो?"

"मी कधी जाणार? बाराला मेंबर जेवायचे," आई म्हणाली. "ते गेले की भांडी. ढोलकी ऐकू यायची मोरीपर्यंत."