एएनएम की जीएनएम? आधी काम समजून घ्या

प्रश्न : मुलगी यंदा बारावी कला शाखेतून पास झाली. तिला नर्सिंगला जायचंय, बाळंतपणाच्या कामाची ओढ आहे. घरचे म्हणतात, एएनएम म्हणजे पोलिओचे डोस पाजत फिरणं. काय निवडावं? – एक आई, हडपसर

उत्तर : ताई, कला शाखा आड येणार नाही. एएनएम (ऑक्झिलरी नर्स मिडवाइफ) दोन वर्षांचं, जीएनएम (जनरल नर्सिंग अँड मिडवाइफरी) तीन वर्षांचं. दोन्हीला ती चालते. बीएस्सी नर्सिंगला मात्र बारावीला विज्ञान हवं.

एएनएम करून जिल्हा परिषदेत आरोग्य सेविका म्हणून लागली, की तिच्याकडे उपकेंद्र येतं. सपाटीवर साधारण ५,००० लोकसंख्या, डोंगरी भागात ३,०००. डोस हा त्यातला छोटा भाग. गावात कोणाला दिवस गेलेत हे आशाताईंकडून कळलं, की १२ आठवड्यांच्या आत नोंद करायची. मग प्रसूतीपर्यंत किमान ४ तपासण्या : वजन, बीपी, हिमोग्लोबिन, लघवी. इथली सगळ्यात घातक सवय म्हणजे बीपी न मोजता कार्डावर मागचाच आकडा उतरवणं. १४०/९० आणि लघवीत प्रथिनं दिसली, तर त्याच दिवशी डॉक्टरांकडे पाठवायला हवं. कॉपी केलेल्या आकड्यात हे कधीच दिसत नाही. लोहाच्या १८० गोळ्या नुसत्या हातात देऊनही भागत नाही. मळमळ होते, शौचाला काळी होते, बाई घाबरून गोळ्या बंद करते. हे आधीच सांगायचं, चहाबरोबर घेऊ नको हेही सांगायचं. आणि हिमोग्लोबिन ७ च्या खाली असेल तर गोळ्यांवर थांबायचंच नाही, मोठ्या रुग्णालयात पाठवायचं.

जीएनएम झाली तर ती स्टाफ नर्स. ग्रामीण रुग्णालय, औंधचं जिल्हा रुग्णालय, ससून अशा ठिकाणी लेबर रूमची पाळी लागू शकते. (प्राथमिक आरोग्य केंद्रात प्रशिक्षित एएनएमही बाळंतपणं करतात.) गर्भाशयाचं तोंड ४ सेंमी उघडलं की पार्टोग्राफ, म्हणजे बाळंतपण कसं पुढे सरकतंय ते नोंदवायचा तक्ता, सुरू होतो. दर अर्ध्या तासाला बाळाचे ठोके, कळा आणि आईची नाडी. दर चार तासांनी आतली तपासणी आणि बीपी. बाळंतपण उरकल्यावर भरलेला पार्टोग्राफ निव्वळ रद्दी. अडलेली बाई वेळेत पुढे पाठवता यावी, म्हणून तर तो असतो.

बाळ जन्मल्यावर एका मिनिटात आईला १० युनिट ऑक्सिटोसिन स्नायूत द्यायचं. ते २ ते ८ अंशांत ठेवावं लागतं; एप्रिल-मेच्या उकाड्यात ट्रेवर पडून राहिलं तर त्याचा जोर कमी होतो. मग वार पूर्ण पडली का ते बघायचं आणि रक्तावर नजर ठेवायची. ५०० मिलीच्या वर गेलं तर तो अतिरक्तस्राव. चादरीत मुरलेलं रक्त नेहमी कमी वाटतं, फसगत तिथेच होते.

बाळंतपणाचीच ओढ असेल तर माझं मत जीएनएमकडे झुकतं. पुढे खास बाळंतपणाच्या कामाचा, १८ महिन्यांचा नर्स प्रॅक्टिशनर इन मिडवाइफरी हा अभ्यासक्रमही आहे. पण घरोघरी जाऊन माणसं जोडायची आवड असेल, तर एएनएम कमी समजू नका. रात्रपाळी झेपेल का, हे तिलाच विचारा.

प्रवेशाआधी कॉलेजला इंडियन नर्सिंग कौन्सिल आणि महाराष्ट्र नर्सिंग कौन्सिलची मान्यता आहे ना, ते तपासा. मुलींना लेबर रूमच्या ड्युटीला कोणत्या रुग्णालयात पाठवतात आणि तिथे महिन्याला किती बाळंतपणं होतात, हेही विचारा. उत्तर गुळमुळीत आलं, तर दुसरं कॉलेज बघा.