ऑनलाइन रोल-प्लेइंग गेममध्ये कॅरेक्टर मेलं तर शिक्षा किती कडक असावी?

भाऊ, शिक्षा हवीच, नाहीतर लढाईत जीवच राहत नाही. पण ती वेळेची आणि गेममधल्या सोन्याची असावी, कमावलेल्या लेव्हलची नको.

१९९९ च्या एव्हरक्वेस्टमध्ये मेलं की अनुभवाचे गुण जायचे, लेव्हलही खाली यायची. सामान प्रेतापाशीच राहायचं, ते आणायला त्याच धोक्याच्या जागी रिकाम्या हाताने जावं लागे. भीती खरी वाटते, पण नवी जागा बघायचं धाडस मरतं. २००४ च्या वर्ल्ड ऑफ वॉरक्राफ्टमध्ये भूत होऊन देहापर्यंत चालत जायचं, अंगावरच्या वस्तूंचा टिकाऊपणा १० टक्क्यांनी कमी, म्हणजे दुरुस्तीला सोनं खर्च. मला हे प्रमाण योग्य वाटतं. अंतराळात घडणाऱ्या ईव्ह ऑनलाइनमध्ये मात्र जहाज फुटलं की गेलंच, थोडा विमा मिळतो. तिथे ते शोभतं, कारण फुटलेल्या जहाजांवरच जहाज बांधणाऱ्या खेळाडूंचा बाजार चालतो.

कायमचा मृत्यू, म्हणजे एकदा मेलं की कॅरेक्टर संपलंच, हा फक्त स्वखुशीने निवडणाऱ्यांसाठी असावा. आपल्या यावल-चोपड्याकडे मे महिन्यात भरदुपारी लाईट गेली की राउटर बंद, आणि कॅरेक्टर राक्षसापुढे तसंच उभं! त्यात खेळाडूचा काय दोष? अर्थात हरताना मुद्दाम वायर उपटणारेही असतात. म्हणून कनेक्शन तुटून झालेला पहिला मृत्यू माफ करावा, तासाभरात पुन्हा तेच झालं तर पूर्ण दंड लावावा.