95 कोटी माणसं की 95 कोटी कनेक्शन?

प्रश्न: मी सोलापूर जिल्ह्यात अंगणवाडी सेविका आहे. देशात 95 कोटी लोक इंटरनेट वापरतात असं पेपरात वाचलं. आमच्या बचत गटात 14 बायका आहेत, त्यातल्या 5 जणीच स्वतःच्या हाताने नेट वापरतात, बाकीच्यांचा फॉर्म भरायचा म्हटलं की मुलगा नाहीतर दीर घरी यायची वाट बघायची. मग हे 95 कोटी आले कुठून? आमचं गाव एवढं मागं आहे का?

उत्तर: ताई, तुमचं गाव अजिबात मागं नाही, तुमचा हिशेब बरोबर आहे आणि पेपरातला आकडाही खरा आहे, फक्त तो माणसांचा आकडा नाहीये. टेलिकॉम कंपन्या आपापली कनेक्शन मोजून ट्रायला, म्हणजे त्यांच्यावर लक्ष ठेवणाऱ्या सरकारी संस्थेला कळवतात आणि ट्राय त्याची बेरीज छापते, मार्च 2024 अखेर ती 95.44 कोटी होती. म्हणजे ज्याच्या फोनमध्ये नेट चालणारी दोन सिम आहेत तो दोनदा मोजला गेला आणि घरी ब्रॉडबँड असेल तर तिसऱ्यांदा, आणि जी बाई नवऱ्याच्या फोनवर कधीमधी व्हिडिओ कॉल करते ती त्यात कुठेच नाही कारण सिम तिच्या नावावर नाही. म्हणूनच शहरांत दर 100 लोकसंख्येमागे 100 च्या वर कनेक्शन दिसतात, आता तान्ही बाळं काय नेट वापरतात का! गावाकडे हाच आकडा तेव्हा 45 च्या आसपास होता.

माणसं मोजायची तर घरोघरी जाऊन विचारावं लागतं. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणाच्या पाचव्या फेरीत, 2019 ते 21 मध्ये, 15 ते 49 वयाच्या बायकांना आणि पुरुषांना विचारलं की तुम्ही कधी इंटरनेट वापरलंय का. रोज वापरता का असं नाही हं, आयुष्यात कधीतरी एकदा. तर हो म्हणणाऱ्या बायका निघाल्या 33.3 टक्के आणि पुरुष 57.1. बिहारमध्ये तर बायका 20.6 टक्केच. तुमच्या 14 पैकी 5 म्हणजे साधारण 36 टक्के, बघा किती जवळ आलात तुम्ही! त्याच सर्वेक्षणात स्वतः वापरता येईल असा मोबाइल असलेल्या बायका 54 टक्के होत्या, म्हणजे फोन हातात आला तरी नेट येतंच असं नाही.

हे सर्वेक्षण आता जुनं झालं, मधल्या काळात फरक पडला असणार हे मान्य, पण मला राग येतो तो याचा की 95 कोटी ऐकलं की सगळे धरून चालतात आता सगळ्यांकडे नेट आहे, मग कागदी फॉर्म बंद होतात, नोटीस फक्त ॲपवर येते आणि तुमच्या गटातल्या 9 जणी कुणाच्या हिशेबातच राहत नाहीत. तुम्ही तुमची यादी वहीत लिहून ठेवा, नाव, फोन कुणाचा, नेट स्वतः वापरते की दुसरं कुणी लावून देतं, आणि ग्रामसभेत वाचून दाखवा. कनेक्शनच्या बेरजेत हे कधीच दिसणार नाही.

प्रश्न: मुलगा कॉम्प्युटर इंजिनियरिंगच्या शेवटच्या वर्षाला आहे. आयटीत 54 लाख नोकऱ्या आहेत म्हणतात, मग त्याच्या कॉलेजात यंदा कंपन्याच का येईनात?

उत्तर: 54 लाख म्हणजे 2023-24 अखेर आधीच कामावर असलेली माणसं, त्यात बीपीओवाले, म्हणजे कॉल सेंटरसारखी कामं करणारेही आले. तुमच्या मुलासाठी बघायचा आकडा वेगळा, वर्षाला भर किती पडली तो. नॅसकॉम या आयटी कंपन्यांच्या संघटनेच्याच हिशेबाने 2021-22 मध्ये साडेचार लाखांची भर पडली, पुढच्या वर्षी 2.9 लाख आणि 2023-24 मध्ये फक्त 60 हजार. गंमत बघा, त्याच वर्षी धंदा मात्र 245 वरून 254 अब्ज डॉलरवर गेला, म्हणजे उद्योग वाढला तरी भरती आटली. त्यामुळे मुलाला कमी समजू नका आणि घरात बोलूही नका, तो अशा वर्षात बाहेर पडतोय एवढंच. बँका, कारखाने, हॉस्पिटलं यांनाही कॉम्प्युटरवाले लागतात आणि ती माणसं या 54 लाखांत धरलेली नसतात, तिकडेही अर्ज करू दे त्याला.