लंडनला फोन हिसकावला, बिल आलं कोल्हापुरात

नमस्कार काका,

तुमचा मेल आणि सोबतचे स्क्रीनशॉट बघितले. इतरांनाही कळावं म्हणून प्रकार थोडक्यात सांगते. काका मे महिन्यात लेकीकडे लंडनला गेले होते, शनिवारी संध्याकाळी वेस्टमिन्स्टर ब्रिजवर बिग बेनचा फोटो काढताना मागून ई-बाईकवर आलेल्या पोराने हातातला चालू आयफोन उचलला आणि गेला. मुलीने मेट्रोपॉलिटन पोलिसांकडे ऑनलाइन तक्रार टाकून क्राइम रेफरन्स नंबर घेतला. मंगळवारी तिच्या लॅपटॉपवर मेल उघडला तर शनिवारीच क्रेडिट कार्डावर परदेशी वेबसाइटवरून ८७,८०० ची खरेदी झालेली. लगेच बँकेला फोन केला, तरी त्याच रात्री अजून ४८,२०० गेले. आता बँक म्हणते कार्डाचा फोटो गॅलरीत ठेवलात हा तुमचा निष्काळजीपणा आणि कळवलंही उशिरा, इथल्या पोलीस ठाण्याने तर कानावरच हात ठेवले.

काका, पहिलं म्हणजे तो चोर आणि तो फोन डोक्यातून काढा. फोन चोरीपुरतं ठाण्यातले साहेब बरोबरच बोलले, गुन्हा लंडनच्या रस्त्यावरचा, तपास तिथलेच पोलीस करणार. सरकारच्या संचार साथी पोर्टलवर आयएमईआय, म्हणजे फोनचा ओळख क्रमांक, ब्लॉक केलात तरी तो इथल्या नेटवर्कवर बंद होईल, चोर काही फोन घेऊन कोल्हापूरला येत नाहीये.

पैशाचं मात्र वेगळं आहे. भारतीय न्याय संहितेच्या कलम १(५) प्रमाणे परदेशात बसून भारतातल्या कॉम्प्युटर यंत्रणेला लक्ष्य केलं तर तो गुन्हा आपल्या कायद्यात बसवता येतो, आणि बँकेची यंत्रणा इथेच आहे असं आपलं म्हणणं. त्यामुळे १९३० या सायबर फसवणुकीच्या हेल्पलाइनवर किंवा राष्ट्रीय सायबर क्राइम पोर्टलवर तक्रार आजच टाका, अजून टाकली नसेल तर. त्यात "फोन चोरी" हे मुख्य कारण लिहू नका, नाहीतर परत तेच ऐकाल. "माझ्या कार्डावरून माझ्या परवानगीशिवाय व्यवहार" असं लिहा, आणि लंडनचा रेफरन्स नंबर पुरावा म्हणून जोडा.

आता बँक. ओटीपी कसा नाही आला हे तुम्ही विचारलंय, तर परदेशी वेबसाइटला आपला ओटीपी लागतोच असं नाही, कार्डाचा नंबर, मुदतीची तारीख आणि मागचे तीन आकडे मिळाले की बऱ्याच ठिकाणी काम होतं, आणि तुम्ही प्रवासासाठी इंटरनॅशनल वापर चालू केलेला होता. असो.

रिझर्व्ह बँकेचं ६ जुलै २०१७ चं परिपत्रक आहे, ग्राहकाची जबाबदारी किती यावर. चूक बँकेचीही नाही आणि ग्राहकाचीही नाही, पण तीन कामकाजाच्या दिवसांत कळवलं, तर ग्राहकावर शून्य. चार ते सात दिवस लागले तर कार्डाची लिमिट पाच लाखांपर्यंत असल्यास जास्तीत जास्त १०,०००. आणि हे दिवस मोजताना बँकेकडून सूचना मिळाली तो दिवस धरायचा नसतो. म्हणजे शनिवार गेला, रविवार सुट्टी, सोमवार एक, मंगळवार दोन. तुम्ही कामकाजाच्या दुसऱ्याच दिवशी कळवलंय काका! उशीर झाला हे बँकेने लिहिलं कसं मला कळत नाही, आणि एसएमएस तर चोराच्या हातातल्या फोनवर येत होते ते वेगळंच.

गॅलरीतल्या फोटोवर ते अडून बसतील, तिथे थोडी घासाघीस होईल, आधीच सांगते. परिपत्रकात निष्काळजीपणाचं उदाहरण दिलंय ते कार्डाची माहिती दुसऱ्याला देण्याचं, स्वतःच्या फोनमध्ये ठेवणं म्हणजे कोणाला देणं नाही हा आपला मुद्दा, आणि ग्राहकाची चूक सिद्ध करायची जबाबदारी बँकेवर टाकलेली आहे.

पण त्याहून भारी गोष्ट तुमच्याच स्क्रीनशॉटमध्ये आहे. बँकेचा तक्रार क्रमांक आलेला मेल रात्री ८.१५ चा, आणि ४८,२०० च्या व्यवहाराचा अलर्ट ९.५० चा, दोन्ही भारतीय वेळ. कळवल्यानंतर झालेलं नुकसान बँकेचं, ग्राहकाची चूक धरली तरीसुद्धा. कार्ड ब्लॉक करायला सांगून दीड तास ते चालू कसं राहिलं, याचं उत्तर त्यांनी द्यायचंय. हे दोन मेल प्रिंट काढून वेगळे ठेवा.

बिलाचं काय, तर उरलेली रक्कम वेळेवर भरा, वादातली भरू नका, पण तसं लेखी कळवा. फ्रॉड म्हणून वाद घातलेल्या व्यवहारावर निकाल लागेपर्यंत चार्ज लावता येत नाही.

ट्रॅव्हल इन्शुरन्सवर फार आशा ठेवू नका. तुम्ही पाठवलेल्या पॉलिसीत बॅगेज म्हणजे फक्त विमानात चेक-इन केलेली बॅग.

आणि काल मुलीच्या नंबरवर "तुमचा आयफोन सापडला, लिंक उघडा" असा मेसेज आलाय ना, ती लिंक उघडू नका आणि फोन आयक्लाउडवरून काढूनही टाकू नका, त्यांना तुमचा पासवर्डच हवाय म्हणजे फोन विकता येईल.

बँकेला लेखी तक्रार पुन्हा द्या, शाखेत जाऊन शिक्क्याची पोच घ्या, नुसत्या कस्टमर केअरवर बोलत बसू नका. ३० दिवसांत उत्तर आलं नाही किंवा पुन्हा हेच तुणतुणं वाजवलं तर रिझर्व्ह बँकेच्या लोकपालाकडे, तिथे फी नाही आणि वकीलही लागत नाही, म्हणजे माझीसुद्धा गरज नाही. ग्राहक आयोगात घाईने जाऊ नका, तिथे केस दाखल झाली की लोकपाल तीच तक्रार घेत नाही. आयोगासाठी दोन वर्षं आहेत हातात. तक्रारीचा मसुदा लिहून मला पाठवा, तारखा तेवढ्या बघून देते.