वाचक विचारतात: विश्वाला कंपाउंड वॉल आहे का?

या वेळी आलेल्या प्रश्नांपैकी निम्म्याहून जास्त एकाच गोष्टीचे आहेत, विश्व संपतं का आणि त्याचा आकार कसा. म्हणून बाकीचे (दोन ग्रहणाचे, एक उडत्या तबकडीचा) पुढच्या वेळी घेतो, राग मानू नका.

"मुलगी आठवीत आहे. परवा गच्चीवर झोपलो होतो तेव्हा तिने विचारलं, बाबा, विश्वाला कंपाउंड वॉल आहे का, आणि असली तर पलीकडे काय? मी ठोकून दिलं की विश्व अनंत आहे. ती म्हणाली, कोणी मोजलं? मी गप्प. काय सांगू तिला?" (एक बाबा, सांगली)

बाबा, तिने तुम्हाला बरोबर पकडलंय. पण वाईट वाटून घेऊ नका, या प्रश्नाने भलेभले गप्प झालेत. इसवी सनापूर्वी चौथ्या शतकात आर्किटस नावाच्या एका ग्रीकाने हेच विचारलं होतं: विश्वाच्या टोकाला जाऊन उभा राहिलो आणि हातातली काठी पुढे केली तर ती जाईल की अडेल? गेली तर ते टोकच नाही, आणि अडली तर अडवणारं काहीतरी पलीकडे आहे. म्हणजे विश्व अनंत, असं त्याचं म्हणणं.

ऐकायला एकदम पक्कं वाटतं ना? पण त्यात एक फट आहे. कड नसली की अनंत असलंच पाहिजे असं कुठाय? कलिंगडावर मुंगी सोडा, आयुष्यभर चालली तरी तिला कड सापडणार नाही, तरी कलिंगड काही अनंत नाही, साल किती ते मोजता येतं. आइनस्टाईनने १९१७ मध्ये विश्वाचं जे पहिलं गणित मांडलं ते असंच होतं, फक्त कलिंगडाच्या सालीऐवजी तीन मितींचं. नाकासमोर सरळ जात राहिलं तर फिरून जागेवर परत! हे डोळ्यांसमोर आणायचा प्रयत्न करू नका, कुणालाच येत नाही, गणितात मात्र व्यवस्थित बसतं.

तर मुलीला सांगा, कंपाउंड वॉल असल्याची एकही खूण मिळालेली नाही, पण वॉल नाही म्हणून प्लॉट अनंत आहे असं होत नाही. आणि "कोणी मोजलं" याचं उत्तर, पूर्ण कोणीच नाही.

"विश्वाचं वय १३.८ अब्ज वर्षं, मग ४६ अब्ज प्रकाशवर्षांपर्यंतचं दिसतं हे कसं काय? प्रकाशाने स्पीड लिमिट तोडली का?" (नाशिक)

नाही तोडली. प्रकाश इकडे येत होता तेव्हा मधलं अवकाशच ताणलं जात होतं. आपल्याला दिसणारा सगळ्यात जुना प्रकाश ज्या वायूतून निघाला तो वायू तेव्हा आपल्या जागेपासून जेमतेम ४ कोटी प्रकाशवर्षांवर होता, त्यानंतर विश्व साधारण ११०० पट ताणलं गेलं, म्हणून तीच जागा आज ४६ अब्ज प्रकाशवर्षांच्या आसपास गेलीय. स्पीड लिमिट अवकाशातून धावणाऱ्या वस्तूला, खुद्द अवकाशाच्या ताणण्याला ती लागू नाही.

हे ४६ अब्ज म्हणजे विश्वाचा आकार मात्र समजू नका, पेपरवाले दर वेळी तसंच छापतात. मुरुडच्या किनाऱ्यावर उभं राहिलं की पाण्याची रेघ साधारण पावणेपाच किलोमीटरवर दिसते, पण तिथे समुद्र संपला असं कुठला कोळी म्हणेल?

"विश्व सपाट असल्याचं सिद्ध झालंय असं वाचलं. म्हणजे पोळीसारखं का? आपल्याला तर वर खाली चहूकडे तारे दिसतात." (लातूर)

हा "सपाट" शब्द ज्याने मराठीत आणला त्याला एकदा भेटायचंय मला. इथे सपाट म्हणजे चपटं असं अजिबात नाही, शाळेत शिकलेली भूमिती जिथे जशीच्या तशी चालते ते अवकाश सपाट. त्रिकोणाच्या तीन कोनांची बेरीज १८० अंश आली की झालं. आता एक संत्रं घ्या, देठापासून दोन रेघा एकमेकींना काटकोनात ठेवून मध्यापर्यंत खाली आणा, मध्यावर त्या जोडा. तीन काटकोन झाले, बेरीज २७०! आणि तळलेला पापड एकीकडे वर आणि दुसरीकडे खाली वळतो ना, तशा पृष्ठभागावर बेरीज १८० च्या खाली जाते. फ्रीडमन या रशियन गणितज्ञाने १९२२ आणि १९२४ च्या पेपरांत दाखवून दिलं की आइनस्टाईनच्या समीकरणांना संत्रंही चालतं आणि पापडही. नेमकं काय ते विश्वात माल किती भरलाय त्यावर ठरतं, सपाट राहायला आज घनमीटरमागे पाचसहा हायड्रोजन अणूंएवढा माल पुरतो (त्यात डार्क मॅटर, डार्क एनर्जी असलं थेट न दिसणारं सगळं धरून).

मग त्रिकोण मोजायचा कसा? गाऊस या जर्मन गणितज्ञाने १८२० च्या दशकात जर्मनीतल्या हॅनोवरचा सर्व्हे करताना ब्रोकेन, होहेनहागेन आणि इन्सेल्सबर्ग या तीन डोंगरांचा त्रिकोण मोजला होता, सगळ्यात लांब बाजू १०० किलोमीटरच्या वर, त्यात काही गडबड दिसली नाही. अवकाश वाकलंय का हे बघायलाच त्याने तो मोजला अशी गोष्ट सांगतात, ती खरी की रचलेली यावर वाद आहेत. पण विश्वाच्या हिशोबात १०० किलोमीटर म्हणजे कलिंगडावरचा एक ठिपकाही नाही, त्रिकोण मोठा हवा.

तो मोठा त्रिकोण आकाशातच मिळाला. बिग बँगनंतर, म्हणजे विश्वाच्या सुरुवातीनंतर, ३ लाख ८० हजार वर्षांनी सुटलेला प्रकाश आज मायक्रोवेव्ह होऊन चारी बाजूंनी येतोय (पेन्झियास आणि विल्सन यांनी १९६५ मध्ये जाहीर केलेला हाच), आणि त्यात अगदी किंचित गरम, किंचित गार असे डाग आहेत. त्या तापलेल्या वायूत आवाजासारख्या लाटा तेवढ्या वेळात किती लांब गेल्या असतील ते गणिताने काढता येतं, म्हणजे डागांची खरी रुंदी कळली, अंतर माहीतच आहे, उरलं काय तर डाग आकाशात केवढा दिसतो तो कोन मोजायचा. अवकाश सपाट असेल तर साधारण १ अंश, म्हणजे पौर्णिमेचे दोन चंद्र शेजारी ठेवले तेवढा. संत्र्यासारखं असेल तर भिंगातून बघितल्यागत मोठा, पापडासारखं असेल तर बारका. १९९८ च्या डिसेंबरअखेरीला बूमरँग नावाचा प्रयोग बलूनला टांगून अंटार्क्टिकावर सोडला, वाऱ्यावर फिरत फिरत तो सुमारे दहा दिवसांनी निघाला होता त्याच भागात परत आला, आणि एप्रिल २००० मध्ये निकाल छापला: १ अंश. मला विचाराल तर विसाव्या शतकातल्या सगळ्यात देखण्या मोजमापांपैकी हे एक. अब्जावधी वर्षांचा त्रिकोण, आणि मोजला कशाने, तर बलूनने!

पुढे प्लँक उपग्रहाने फारच बारीक मोजलं, त्याची आणि दीर्घिकांची (ताऱ्यांच्या प्रचंड समूहांची) आकडेवारी एकत्र केली तर वक्रता, म्हणजे अवकाशाचा वाक, शून्य, चूक इकडेतिकडे ०.२ टक्के. २०१९ मध्ये काही जणांनी दाखवलं होतं की प्लँकची आकडेवारी एकटी घेतली तर ती संत्र्याकडे झुकते, त्यावर बरीच बोलाचाली झाली, पण दीर्घिका धरल्या की तो झुकाव राहत नाही, बहुतेकांचं मत सपाटच.

पण "सिद्ध झालं" म्हणू नका हो. चूक ०.२ टक्के असेल तर विश्व इतकं मोठं संत्रं असू शकतं की आपल्याला दिसतो तो तुकडा सपाटच वाटावा, वक्रतेची त्रिज्या मग निदान २०० अब्ज प्रकाशवर्षांच्या घरात तरी हवी. शेतात उभं राहून पृथ्वी गोल दिसते का?

"सपाट म्हणजे अनंत, हे तरी नक्की ना?" (पुणे)

नाही! सगळ्यात जास्त चुकतं ते इथेच, चांगली चांगली पुस्तकंसुद्धा चुकतात. जुन्या नोकियावरचा साप आठवतोय? उजवीकडून बाहेर गेला की डावीकडून आत, वरून गेला की खालून. त्या स्क्रीनवर त्रिकोण काढा, बेरीज १८० च येणार, म्हणजे पूर्ण सपाट, तरी साप तेवढ्याच जागेत फिरतोय आणि कड त्याला कधीच लागत नाही. स्क्रीनच्या समोरासमोरच्या कडा खरोखर चिकटवायला गेलात तर मेदूवडा होतो, म्हणून याला मेदूवड्याचं विश्व म्हणायला माझी हरकत नाही. तीन मितींत असे सपाट पण मर्यादित आकार दहा आहेत, गणितज्ञांनी मोजून ठेवलेत. डाग मोजून वक्रता कळते, कडा कुठे कशा जोडल्यात ते त्यातून कळत नाही.

ते बघायची दुसरी युक्ती आहे. विश्व छोटं आणि असं गुंडाळलेलं असेल तर त्या जुन्या प्रकाशात आकाशाच्या दोन वेगवेगळ्या बाजूंना अगदी हुबेहूब डागांची वर्तुळं दिसायला हवीत. कॉर्निश, स्पर्गेल आणि स्टार्कमन या शास्त्रज्ञांनी हे सुचवलं, २००४ मध्ये आपल्या सहकाऱ्यांबरोबर शोधूनही बघितलं, जुळी वर्तुळं नाही मिळाली. त्याच्या आदल्या वर्षी ल्युमिने वगैरेंनी बारा पंचकोनांचं, फुटबॉलसारखं विश्व सुचवलं होतं, तेही त्यामुळे अडचणीत आलं. म्हणजे मेदूवडा असलाच तर बहुतेक आपल्याला दिसतो त्या भागाएवढा किंवा त्याहून मोठा आहे.

"अनंत असेल तर आणखी मोठं कसं होतंय? आणि कशात?" (कोल्हापूर)

कशातही नाही. फुगा खोलीत फुगतो म्हणून आपली फसगत होते. प्रसरण म्हणजे दीर्घिकांमधली अंतरं वाढणं, त्याला बाहेर जागा लागत नाही. आणि अनंताला वाढायला काय अडचण? भास्कराचार्यांनी बीजगणितात शून्याने भागलेल्या राशीला खहर म्हटलं आणि लिहून ठेवलं की तिच्यात मिळवा किंवा वजा करा, तिला फरक पडत नाही. ते बाराव्या शतकात! (त्यांना प्रसरण माहीत होतं असे मेसेज आता कृपया फिरवू नका.)

"नारळीकर सर तर बिग बँगच मानत नव्हते ना?" (ठाणे)

बरोबर. हॉईल आणि बर्बिज यांच्याबरोबर त्यांनी १९९३ मध्ये जे मॉडेल मांडलं त्यात विश्वाला काळात सुरुवातही नाही आणि शेवटही नाही. बहुतेक शास्त्रज्ञांनी ते स्वीकारलं नाही. पण काळात अनंत आणि जागेत अनंत हे दोन वेगळे प्रश्न आहेत, बिग बँग मानूनही विश्व जागेने अनंत असू शकतं, फक्त मग ते पहिल्या क्षणापासूनच अनंत असायला लागतं. एका बिंदूतून सगळं निघालं हे चित्र आपल्याला दिसतो तेवढ्या तुकड्यापुरतं धरा.

सांगलीच्या पत्राला मुलीच्या अक्षरात ताजा कलम आहे: "विश्व खरंच अनंत असेल तर कुठेतरी दुसरी मी पण आहे का?"

अनंत असेल आणि सगळीकडे साधारण असंच असेल तर हो, अणूंच्या मांडण्या संपतात आणि जागा संपत नाही, म्हणून कुठेतरी तीच मांडणी परत येणार. अंतर मात्र इतकं अफाट की त्या आकड्यातली शून्यं लिहायला बसलात तर जन्मभर लिहूनही संपायची नाहीत. तीही आत्ता गच्चीवर पडून बाबांना हेच विचारत असणार, आणि तिचे बाबाही गप्प.