मे महिन्यात थीम पार्क: जा, पण दुपार मुलांसाठी राखून ठेवा

परीक्षा संपल्या की आमच्या बालरुग्ण विभागात दोन तक्रारी वाढतात, घामोळं आणि उन्हाचा त्रास. यंदा आलेल्या पत्रांत सुट्टीतल्या पार्कच्या सहलींबद्दल बरंच विचारलं आहे, म्हणून आज तीच उत्तरं देते.

प्रश्न : आम्ही चिपळूणचे. मुलगा सात वर्षांचा, मुलगी चारची. मे महिन्यात खोपोलीजवळच्या इमॅजिकाला जायचं ठरतंय. सासूबाई म्हणतात, एवढ्या उन्हात पोरांना कशाला नेता. दीर नागपूरला असतात, ते म्हणतात, तुमच्याकडे चौतीस-पस्तीसच तर असतं, त्यात काय? कोणाचं ऐकू?

सासूबाईंचं ऐका. घाम सुकतो तेव्हा अंग थंड होतं. नागपूरच्या कोरड्या हवेत तो लगेच उडून जातो. आपल्याकडे तो पाठीवरून नुसता ओघळत राहतो, कपडे चिंब होतात आणि उष्णता अंगातच राहते. हवामान खातंसुद्धा दोन्हीकडे एकच माप लावत नाही. तापमान सरासरीपेक्षा साडेचार अंशांनी वाढलं, तर उष्णतेची लाट धरायला मैदानी भागात किमान ४० अंश लागतात आणि किनारपट्टीवर ३७ पुरतात. खोपोली तर घाटाच्या पायथ्याशी आहे. समुद्रावरच्या दुपारच्या वाऱ्याची आशा तिथे धरू नका.

त्यात लहान मुलांना मोठ्यांपेक्षा घाम कमी येतो आणि वजनाच्या मानाने त्यांच्या कातडीचं क्षेत्र जास्त असतं, म्हणून बाहेरची उष्णता ती लवकर ओढून घेतात. एक गोष्ट स्वतः करून बघा. दुपारी फरसबंदीवर मुलीच्या उंचीइतकं खाली बसा. तुमच्या कमरेच्या पातळीवर तिचं तोंड असतं आणि जमिनीची झळ तिथे सरळ चेहऱ्यावर येते. उभं राहून आपल्याला ते कळतच नाही.

जमलं तर डिसेंबर-जानेवारीत जा. मेमध्येच जायचं असेल, तर चिपळूणहून पहाटे निघून त्याच दिवशी पार्क करू नका. आदल्या रात्री पनवेल किंवा पेणला मुक्काम करा. फाटक उघडताना हजर राहा आणि उघड्यावरचे पाळणे आधी उरका. साडेअकरा-बारानंतर छपराखालचे, वातानुकूलित खेळ, जेवण आणि झोप. पुन्हा बाहेर पडायचं ते चारनंतर. वार मधला निवडा, कारण उन्हाइतकाच त्रास रांगेचा होतो. आदल्या संध्याकाळी हवामान खात्याचा इशारा बघा. उष्णतेचा इशारा असेल तर बेत पुढे ढकला.

प्रश्न : तिकिटं एवढी महाग, त्यात दुपारचे तीन-चार तास मुलांना नुसतं बसवायचं? पैसे पाण्यात गेल्यासारखं वाटतं. (एक बाबा, महाड)

तुमचं वाटणं मला समजतं. चौघांच्या कुटुंबाला ही सहल स्वस्त पडत नाही. पण सगळे पाळणे झालेच पाहिजेत हा हिशेब आपला असतो. चार वर्षांच्या मुलाला एकच छोटी आगगाडी पाच वेळा हवी असते आणि तेवढ्यावर त्याचा दिवस सोन्याचा होतो. उन्हात त्रास होऊन दवाखान्यात आणलेल्या मुलांच्या पालकांशी बोलताना एक वाक्य मी पुन्हा पुन्हा ऐकते : "म्हटलं, एवढे एक-दोन खेळ करू आणि निघू." मूल रडायला लागलं, पायांत घुटमळायला लागलं की ते एक-दोन खेळ सोडून द्या. तिकीट काढतानाच मनाशी ठरवा की निम्मं पार्क बघायचं आहे.

प्रश्न : माझी नात सात महिन्यांची आहे. लेक-जावई तिलाही न्यायचं म्हणतात. नेऊ द्यावं का? (एक आजी, देवगड)

आजी, मला विचाराल तर बाळ तुमच्यापाशीच राहू द्या. त्या वयाला पार्कमधलं काहीच लागत नाही.

तरीही नेणार असतील तर लेकीला सांगा, अंगावर दर थोड्या वेळाने पाजायचं, मधूनमधून उकळून गार केलेलं पाणी चमच्याने. (सहा महिन्यांच्या आतल्या बाळाला मात्र उन्हाळ्यातही वरचं पाणी द्यायचं नाही, आईचंच दूध जास्त वेळा.) बाबागाडीवर ऊन लागू नये म्हणून ओढणी झाकतात, ते करू देऊ नका. आत हवा कोंडते आणि बाळ भाजून निघतं. गाडीची छत्री उघडी ठेवायची आणि सावलीतून फिरायचं. पाचसहा तासांत लंगोट ओला झाला नाही, रडताना डोळ्यांत पाणी नाही किंवा टाळू खोल गेली, तर तिथून थेट डॉक्टरकडे.

प्रश्न : मुलगा साधं पाणी पीतच नाही. बाटलीतलं एनर्जी ड्रिंक किंवा ग्लुकोज चालेल का? (अलिबाग)

एनर्जी ड्रिंक मुलांना अजिबात नको, त्यात कॅफीन असतं. ग्लुकोजच्या पुडीत साखर आहे, घामातून गेलेलं मीठ नाही. आपल्या घरात याहून चांगलं आहे : मीठ-जिरं घातलेलं कोकम सरबत, पन्हं, लिंबू सरबत, शहाळं, सकाळी निघताना मऊ पेज मीठ घालून. सरबत गोडमिट्ट करू नका. तहान लागायची वाट न बघता दर वीस मिनिटांनी चारपाच घोट द्या. रांगेत उभं राहणं ही त्यासाठी उत्तम वेळ.

ओआरएस हे औषध आहे. भरपूर घाम, उलटी, जुलाब किंवा मलूलपणा असेल तेव्हा द्यायचं. पुडीवर जितकं पाणी लिहिलंय तितकंच घ्या. एक लिटरची पुडी अंदाजाने दोन पेल्यांत ढवळली तर मीठ जास्त होऊन अपाय होतो. पुडी नसेल तर एक लिटर पाण्यात सहा सपाट चहाचे चमचे साखर आणि अर्धा चमचा मीठ. दुकानातल्या गोड पेयांवर 'ओआरएस' हे नाव छापलेलं असायचं, त्याविरुद्ध हैदराबादच्या बालरोगतज्ज्ञ डॉ. शिवरंजनी संतोष वर्षानुवर्षं लढल्या. ऑक्टोबर २०२५ मध्ये अन्न सुरक्षा प्राधिकरणाने अशा नावांना मनाई केली. तरी घेताना पाकिटावर जागतिक आरोग्य संघटनेच्या सूत्राचा उल्लेख आहे का, तो वाचा.

बहुतेक पार्कांत बाहेरचं खाणं नेऊ देत नाहीत. बाळाचं खाणं, औषधं आणि पाण्याची बाटली यांचं काय, ते आधी फोन करून विचारा.

प्रश्न : मुलीची उंची ३ फूट १० इंच. एका पाळण्याला १२० सेंटीमीटर लागतात. जाड तळव्याचे बूट घातले तर? (सावंतवाडी)

नको. ३ फूट १० इंच म्हणजे साधारण ११७ सेंटीमीटर. छाती-मांडीवरचा दांडा त्या उंचीच्या अंगावर नीट बसावा म्हणून ती अट असते. बूट उंच केले तरी मांड्या तेवढ्याच राहतात. घरीच भिंतीशी उंची मोजा, पार्कच्या यादीतून तिला चालणारे खेळ तिच्यासमोर बसून निवडा. मग फाटकावर रडारड होत नाही.

प्रश्न : वॉटर पार्कमध्ये ऊन लागत नाही ना? मग तिथेच दिवसभर थांबलेलं बरं. (पेण)

लागतं, आणि कळत नाही म्हणून जास्त लागतं. अंग गार असतं, पण खांदे आणि मान भाजत असतात. लांब बाह्यांचा पोहण्याचा पोशाख घाला. उघड्या अंगाला एसपीएफ ३० किंवा त्याहून जास्त सनस्क्रीन, दर दोन तासांनी आणि पाण्यातून बाहेर आल्यावर पुन्हा. पाण्यातही घाम येतो, म्हणून पाणी पाजणं चालू ठेवा. फरशी आणि घसरगुंडीच्या पायऱ्या तापतात, चपला जवळ असू द्या.

पोशाखाचा रंग भडक नारिंगी किंवा पोपटी घ्या. निळ्या तळाच्या तलावात निळा पोशाख घातलेलं मूल पाण्याखाली दिसत नाही. बुडणारं मूल ओरडत नाही, हात मारत नाही, बहुतेकदा निमूट खाली जातं. म्हणून लहान मूल पाण्यात असेल तर एक मोठं माणूस हाताच्या अंतरावर, मोबाईल लॉकरमध्ये. दंडावरच्या हवेच्या फुग्यांवर विसंबू नका. जीवरक्षक आहेत, पण ते शेकडो मुलांकडे बघत असतात.

मुलाला जुलाब होत असतील तर मुळीच नेऊ नका. क्लोरीनने सगळे जंतू लगेच मरत नाहीत.

प्रश्न : ऊन लागलंय हे ओळखायचं कसं आणि तिथे काय करायचं? (रत्नागिरी)

सुरुवात कुरबुरीने होते. मूल चिडचिडं होतं, उचलून घे म्हणतं, डोकं दुखतं, मळमळतं, लघवी कमी आणि गडद होते. लगेच सावलीत किंवा एसीत न्या, कपडे सैल करा, ओल्या फडक्याने अंग पुसून वारा घाला, घोटघोट ओआरएस द्या. अर्ध्या तासात तरतरी आली नाही तर दवाखाना गाठा.

मूल बरळू लागलं, झोकांड्या गेल्या, झटके आले, हाक मारून नीट उठेना आणि अंग भट्टीसारखं तापलं असेल, तर तो उष्माघात. ताप १०४ फॅरनहाइटच्या वर गेलेला असतो. "घाम येतोय म्हणजे उष्माघात नाही" यावर विश्वास ठेवू नका, घामाने भिजलेल्या मुलालाही तो होतो. १०८ ला फोन करायला एकाला सांगा. तुम्ही कपडे काढा, डोक्यापासून पायांपर्यंत पाणी ओता आणि सतत वारा घाला. रुग्णवाहिका येईपर्यंत हे थांबवायचं नाही. शुद्ध नीट नसेल तर तोंडात पाण्याचा थेंबही नको, श्वासनलिकेत जाईल. पॅरासिटामॉलने हा ताप उतरत नाही. पार्कमधला प्रथमोपचार कक्ष कुठे आहे, ते आत शिरतानाच बघून ठेवा.

प्रश्न : परतताना मूल गाडीत झोपलं, तर काच थोडी खाली करून जेवायला उतरलं तर चालेल का?

नाही. पाच मिनिटंही नाही. उन्हातली बंद गाडी दहा मिनिटांत दहाएक अंशांनी तापू शकते, आणि काच थोडी खाली केल्याने फारसा फरक पडत नाही. झोपलेलं असलं तरी खांद्यावर घेऊन आत न्या, नाहीतर पाळीपाळीने जेवा.