दोन कॉर्न स्नेक एकाच टँकमध्ये ठेवले तर चालतील का?

तुम्ही विचारलंय की तुमच्याकडे वर्षभराची एक मादी आहे, तिला सोबत म्हणून त्याच मापाची दुसरी मादी आणायची आहे, टँक चार फुटी आहे, तर दोघी एकत्र राहतील का; आणि नाहीच जमलं तर मधे पार्टिशन टाकता येईल का.

नाही राहणार. वेगळ्या ठेवा. पार्टिशनचं खाली लिहिते.

इथेच थांबले असते, पण तुमच्या प्रश्नातला ‘सोबत’ हा शब्द वाचला आणि राहवलं नाही. हाच शब्द आमच्या घरात माझ्या दादाने वापरला होता आणि मी तो ऐकला होता.

माझ्याकडे केशर आणि रेवा होत्या. एकाच वेतातल्या, तीन महिन्यांच्या, पेन्सिलीएवढ्या जाड. विकणाऱ्याने दोघी माद्या आहेत म्हणून सांगितलं आणि मी खातरजमा केली नाही. मला दोन टँक करायचे होते. दादा म्हणाला, “एवढ्याशा जिवाला एकटं टाकणार? एकत्र जन्मल्यात, राहू देत की एकत्र.” दादाचा जीव कुत्र्यांत. एकटं जनावर म्हणजे दुःखी जनावर, हे त्याच्या मनात पक्कं बसलेलं. आणि कुत्र्याच्या बाबतीत ते बरोबरच आहे. कॉर्न स्नेकचं तसं नाही. अमेरिकेच्या आग्नेय भागातल्या जंगलात, झाडाच्या सुटलेल्या सालीखाली, ओस पडलेल्या घरांत हा साप एकटा राहतो. दुसऱ्याशी गाठ पडते ती मुख्यतः जोडीच्या दिवसांत. आई अंडी घालून निघून जाते, पिल्लं अंड्यातून बाहेर येतात तीच स्वतंत्र होऊन. हे सगळं मी तेव्हाही वाचलेलं होतं. तरी दादाचं ऐकलं, कारण एका हाईडमधून, म्हणजे सापाला लपायला ठेवलेल्या खोपटातून, दोन केशरी डोकी बाहेर आलेली बघायला मलाही आवडत होतं.

चौदा महिने त्या एकत्र होत्या. खायला मी वेगवेगळ्या डब्यांत घालायची, त्यामुळे सगळं नीट चाललंय असं वाटायचं. दर पंधरा दिवसांनी वजन करून वहीत लिहायची, एकाच पानावर दोन रकाने. सुरुवातीला दोन-तीन ग्रॅमचा फरक असायचा. शेवटी शेवटी रेवा २४० ग्रॅम आणि केशर १७० ग्रॅम होती. एक वेत, एकच खाणं, एकच टँक. तो फरक मला दिसत होता आणि मी म्हणायची, असतं एखादं अंगाने लहान.

मग एका सकाळी टँक उघडला तर वास आला. पाण्याच्या भांड्याशेजारी उंदीर पडला होता, अर्धवट पचलेला, केस गेलेले, करडा पडलेला. दोघींनी दोन दिवसांपूर्वीच खाल्लं होतं. आता ओकलं कोण? साप ओकला की दहा ते चौदा दिवस त्याला काही द्यायचं नाही, मग नेहमीपेक्षा लहान भक्ष्य देऊन पुन्हा सुरुवात करायची. पण हे करायचं कोणाच्या बाबतीत? दोघींना उपाशी ठेवायचं? आणि पोटात काही आजार असेल तर तपासायचं कोणाला? विष्ठेचंही तेच. टँकमध्ये पातळ, हिरवट काही दिसलं तर ते कोणाचं, हे कळायला मार्ग नसतो. मी वहीत ‘ओकलं. कोण?’ असं लिहून खाली दोन रेघा मारल्या. मग छडा लावण्यासाठी केशरला प्लॅस्टिकच्या मोठ्या डब्यात वेगळं ठेवलं. स्वतःचं हाईड, स्वतःची हीट मॅट, थर्मोस्टॅट, पाणी.

त्यानंतरचे सतरा दिवस मी विसरलेली नाही. तिसऱ्या संध्याकाळी केशर हाईडमधून बाहेर आली आणि डब्याच्या कडेने पूर्ण लांब होऊन पडली. चौदा महिन्यांत तिला मी तशी कधी पाहिलं नव्हतं. एकत्र असताना ती कायम घट्ट वेटोळं करून, रेवाच्या खाली, डोकं आत खुपसलेलं. इथे ती सैल होती. डब्याच्या पारदर्शक कडेला पोट टेकलं होतं, त्यावरचे काळे-पांढरे चौकोन, मक्याच्या कणसावरच्या रंगीत दाण्यांसारखे, एकेक मोजता येत होते. चौदा दिवस झाल्यावर छोटा उंदीर दिला. तो खाऊन ती दिवसभर मॅटवर अंग टाकून पडून राहिली. ओकली नाही.

दादा आला, त्याने पाहिलं आणि म्हणाला, “बघ कशी बाहेर येऊन शोधतेय तिला.”

मी केशरला परत रेवाच्या टँकमध्ये सोडलं. ही चूक माझीच. दादा बोलला, पण हात माझे होते.

नर आणि मादी काही काळ वेगळे ठेवून वसंतात एकत्र आणणं, ब्रीडर लोक जोडी लावताना हेच करतात. मी ते मार्चमध्ये, न कळत केलं. पुढे केशरने खाणं सोडलं. मी म्हटलं कात येत असेल, आणि कात आलीही. अंगाचा मागचा भाग भरला, तेव्हा तर मी खूश झाले की अखेर बाळसं धरलं. आणि एका सकाळी टँकच्या कोपऱ्यात नऊ अंडी, एकमेकांना चिकटलेली.

तरीही मला वाटलं ही वांझोटी अंडी असणार, कारण दोघी माद्या ना! केशरच्या शेपटीच्या अलीकडे दोन गाठी हाताला लागत होत्या. येतील सावकाश, म्हणून मी सहा दिवस वाट पाहिली. एवढं थांबायचं नसतं. अंडी घालायला सुरुवात झाल्यावर दोन दिवसांत उरलेली आली नाहीत तर डॉक्टरकडे न्यायचं. सरपटणाऱ्या प्राण्यांचं काम करणाऱ्या डॉक्टरांनी तिला हातात घेतलं आणि पहिला प्रश्न विचारला, “नर किती दिवस सोबत आहे?” मी म्हटलं, “नर नाहीये.” ते म्हणाले, दुसरा साप घेऊन या.

रेवाच्या शेपटीच्या मुळाशी त्यांनी प्रोब, म्हणजे नर-मादी ओळखायची बारीक सळई, घातला. मादीत तो तीन-चार खवल्यांवर थांबतो. रेवाच्या अंगात दहा खवल्यांपर्यंत गेला. घरी येऊन अंड्यांवर टॉर्च धरला तर सात अंड्यांत लाल शिरांचं जाळं दिसलं. सख्ख्या भावंडांची अंडी होती ती. मी ती वाढू दिली नाहीत.

केशरच्या अडकलेल्या अंड्यांपैकी एकातला द्रव सुईने काढून घेतल्यावर ते बाहेर आलं. दुसरं आत चिकटून बसलं होतं, त्यासाठी ऑपरेशन करावं लागलं. ती भुलीतून उठली, जीभही बाहेर काढली. चौथ्या दिवशी गेली. शेवटचं वजन १३१ ग्रॅम. मादीला जोडी लावायची तर ती किमान तीन वर्षांची, तीन फुटांची आणि ३०० ग्रॅमची हवी, असा पाळणाऱ्यांत साधा हिशोब आहे. जोडी लागली तेव्हा केशर सतरा महिन्यांची होती.

आता दादाचं म्हणणं. तो आजही म्हणतो, “ती अंडी अडकून गेली, एकत्र ठेवल्याने नाही. विकणाऱ्याने फसवलं, त्यात सोबतीचा काय दोष?” यावर आमची इतक्या वेळा वादावादी झाली आहे की मला त्याचं पुढचं वाक्य पाठ आहे. इथे पूर्ण उत्तर लिहून ठेवते.

विकणाऱ्याचं चुकलं, मान्य. पण पिल्लांचं लिंग ओळखण्यात चूक होणं नेहमीचं आहे, अनुभवी माणसाकडूनही होते. दोघी वेगळ्या टँकमध्ये असत्या तर ती चूक वर्षानुवर्षं कळली नसती आणि कोणाचं काही बिघडलंही नसतं. रेवा नर निघाला, एवढीच गंमतीची गोष्ट झाली असती. आणि अंडी बाजूला ठेवा. २४० आणि १७० कशामुळे? टँकच्या गरम बाजूला एक जागा असते, तीस अंशांच्या आसपास. खाल्ल्यावर पचवायला सापाला तीच लागते. त्या जागेवर दोघांचा हक्क असला की मोठा बसतो आणि लहानाला दोनच मार्ग उरतात, त्याच्या अंगाखाली शिरायचं नाहीतर थंडीत राहायचं. थंडीत पचत नाही, मग ओकणं आलं. आपण बाहेरून बघतो आणि म्हणतो, काय माया आहे. मी गरम बाजूला दुसरं हाईड ठेवून पाहिलं होतं. दोघी पुन्हा एकाच हाईडमध्ये गेल्या, आणि तेव्हा मला तो पुरावा वाटला की त्यांना सोबत हवी आहे. खरं म्हणजे दोघींनाही तीच जागा जास्त सुरक्षित वाटत होती, बस. सापाला ताण आला तर तो कण्हत नाही, कोपऱ्यात रडत बसत नाही. कमी खातो, ओकतो, लपून राहतो. हे कळतं ते वजनातून.

तुमच्या दोघी खरोखर माद्या असल्या, डॉक्टरांकडून खात्री करून घेतली, तरी माझं उत्तर तेच आहे. कॉर्न स्नेकने कॉर्न स्नेक गिळल्याच्या घटना विरळ आहेत, पण झालेल्या आहेत, आणि बहुतेकदा खाण्याच्या वासाने सुरुवात होते. एकीच्या तोंडाला उंदराचा वास असतो, दुसरी भुकेली असते, तोंड धरलं की सोडायचं कसं हे दोघींनाही कळत नाही. आणि आजार. क्रिप्टोस्पोरिडियम नावाचा परजीवी पोटात शिरला की खात्रीचा उपाय नाही. एकीला झाला तर दुसरी त्याच पाण्याच्या भांड्यातून पितेय. म्हणून नवीन साप आणला की किमान दोन-तीन महिने वेगळ्या खोलीत, वेगळ्या चिमट्याने, वेगळ्या भांड्याने. माइट्सचंही, म्हणजे सापाच्या अंगावर राहून रक्त पिणाऱ्या बारीक किड्यांचंही, तसंच. सापाच्या डोळ्याच्या कडेला काळे ठिपके हलताना दिसले तर समजा, नुसता टँक धुऊन काम होणार नाही.

काही गोष्टी मात्र प्रामाणिकपणे सांगायला हव्यात. एकटी ठेवलेली मादीही कधीकधी नर नसताना वांझोटी अंडी घालते, आणि ती अडकूही शकतात. म्हणजे दादाचं वाक्य सगळंच खोटं नाही. दोन कॉर्न स्नेक वर्षानुवर्षं एकत्र ठेवून काही न झालेले लोकही तुम्हाला भेटतील, आणि ते खोटं बोलत नसतील. सगळे साप एकलकोंडे असतात असंही नाही. गार्टर स्नेक थंडीत मोठ्या संख्येने एकत्र राहतात, आणि २०२० मध्ये कॅनडातल्या संशोधकांनी दाखवलं की ते काही ठराविक सोबत्यांजवळ राहणं पसंत करतात. तो साप पाळायचा तर चर्चा वेगळी. किंग स्नेक मात्र दुसऱ्या सापासोबत कधीच नाही, त्याच्या खाण्यातच साप येतात.

पार्टिशनबद्दल. चार फुटी टँक मधोमध विभागला तर प्रत्येकीला दोन फूट मिळतात, आणि कॉर्न स्नेक वाढून तीन ते पाच फुटांचा होतो. दोन्ही बाजूंना गरम आणि थंड टोक हवं, म्हणजे दोन मॅट, दोन थर्मोस्टॅट, तेवढ्याशा जागेत. शिवाय हे साप फटीत घुसण्यात पटाईत. डोकं गेलं की बाकीचं अंग जातं. पार्टिशन सरकवून एक दुसरीकडे गेली तर तुम्हाला कळेल तेव्हा एक रात्र होऊन गेलेली असेल. मी करणार नाही.

रेवा आता नऊ वर्षांचा आहे, नाव तेच ठेवलंय. एकटा राहतो, चार फुटी टँकमध्ये. खाल्ल्यावर गरम हाईडमध्ये पडतो, संध्याकाळी फांदीवर चढतो, कात एका तुकड्यात येते. दादा आला की अजून काचेवर बोट ठेवून म्हणतो, “बिचारा एकटा.” मी त्याच्यासमोर वही ठेवते. तो बघत नाही.

दुसरी मादी आणायचीच असेल तर आधी दुसरा टँक लावा. थर्मोस्टॅट चालू करून आठवडाभर दोन्ही टोकांचं तापमान बघा, स्थिर राहिलं तरच साप आणा. आणि वजन लिहायला एकच वही घेतलीत तरी पानं वेगळी ठेवा.